मृगाच्या तोंडावरची पालकसभा

पश्चिम महाराष्ट्रातील प्राथमिक शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि त्याच्या आठवडाभर आधी मृग नक्षत्र लागलेले असते. शाळेच्या वर्षाचा आणि शेतीच्या वर्षाचा आरंभ असा एकाच पंधरवड्यात येतो, आणि सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील पालकांच्या सहभागाविषयी काहीही म्हणण्याआधी ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वर्षातील सर्वांत महत्त्वाची पालकसभा ज्या आठवड्यात व्हायला हवी, नेमक्या त्याच आठवड्यात खटाव-कोरेगावकडील शेतकरी वापशाकडे, म्हणजे पेरणीला योग्य इतकाच ओलावा जमिनीत कधी उरतो याकडे, डोळे लावून बसलेला असतो. पाटण-जावळीच्या डोंगरउतारावर भाताच्या तरव्याची, म्हणजे लावणीसाठी तयार केलेल्या रोपांची, राखण चाललेली असते. वाळवा-पलूसच्या काळ्या रानात सोयाबीन आणि भुईमुगाची घाई असते. तासगाव-मिरजेकडील द्राक्षबागांत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या काड्यांची कामे संपलेली नसतात. त्यातच आषाढी वारीची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने सातारा जिल्ह्यातून जाते, तेव्हा त्या पट्ट्यातील कित्येक घरांतले एखादे माणूस वाटेवर तरी असते किंवा वाटेवरच्या माणसांची सोय तरी पाहत असते. अशा दिवसांत दुपारी दोनची वेळ देऊन बोलावलेल्या सभेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पालक येतात, त्यांच्या सह्या वहीत घेतल्या जातात, आणि न आलेल्यांच्या नावावर ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा शिक्षकांच्या बोलण्यात कायमचा चिकटतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्षानुवर्षे काम केलेल्या शिक्षकांचा एकत्रित अनुभव विचारात घेतला, तर हा शेरा पुष्कळ अंशी चुकीचा ठरतो. पालक येतो की नाही हे त्याच्या आस्थेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात शाळा त्याच्याकडे काय मागते यावर अवलंबून असते. ही मागणी चार प्रकारची असू शकते: सही, कागद, पैसा, आणि मुलाविषयीची माहिती व वेळ. पहिल्या तीन गोष्टींत शाळा पारंगत आहे. चौथी मागण्याची तिला सवय नाही, आणि या भागातील अनुभव असा की ज्या शाळांनी ती लावून घेतली तेथे पुढच्या दहा महिन्यांचे चित्र बदलले.

या भागात पालक म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे गलाईच्या व्यवसायात आहेत; गलाई म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून, गाळून शुद्ध धातू वेगळा काढण्याचे काम, आणि त्यासाठी या तालुक्यांतील पुरुष केरळ-तमिळनाडूपासून दिल्ली-बंगालपर्यंतच्या शहरांत स्थायिक झालेले आहेत. सातारा जिल्ह्याच्या पाटण, जावळी या डोंगरी भागांतून मुंबईच्या बाजारपेठांत माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला गेलेल्या माथाडी कामगारांची परंपरा तर जुनी आहे. त्यांच्या संरक्षणासाठी १९६९ साली राज्याने स्वतंत्र कायदाच केला आणि त्यासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील हे स्वतः पाटण तालुक्यातलेच. माण आणि आटपाडीच्या माळावरची मेंढपाळ कुटुंबे दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जत तालुक्यात अनेक घरांची भाषा कन्नड आहे, तेथे जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत, आणि मराठी शाळेत मूल घातलेल्या आईला सभेतील मराठी भाषण अर्धेमुर्धेच उमगते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, म्हणजे मुलांची नावे दाखल होण्याची आणि कमी होण्याची नोंद ज्या वहीत राहते तीत, पालक म्हणून वडिलांचे नाव असते. पण ते वडील कोइमतूरला किंवा कोपरखैरण्याला असतात आणि मुलाला अंघोळ घालून, डोक्याला तेल लावून शाळेत धाडणारी व्यक्ती आजी असते.

ही आजी सभेला येते, हे शिक्षकांना चांगले माहीत आहे. ती मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसते आणि सभा संपेपर्यंत बोलत नाही. सभेत मुख्याध्यापक अध्ययन निष्पत्तींविषयी बोलतात, म्हणजे इयत्तेच्या शेवटी मुलाला नेमके काय काय करता यायला हवे त्या यादीविषयी. निपुण भारत अभियानाविषयी बोलतात, म्हणजे तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेविषयी. आणि हे सारे खरे व महत्त्वाचे असूनही ते त्या आजीला उद्देशून बोललेले नसते. शासनाचे परिपत्रक थोडे सोपे करून वाचून दाखवणे याला पालकसभा म्हणण्याची चूक फार शाळांत होते. याउलट, सभेऐवजी दारात किंवा वर्गात दोघींनीच बसून शिक्षिकेने आजीला विचारले की नातू घरी काय काय करतो, कशाला भितो, कुणाबरोबर खेळतो, दुकानातून उरलेले पैसे नीट आणतो का, तर जी माहिती मिळते ती कोणत्याही छापील प्रपत्रात मावणारी नसते. एखादा मुलगा वर्गात तोंड उघडत नाही, पण संध्याकाळी शेरडे मोजून गोठ्यात घालतो आणि एक कमी असले तर कोणते, हेही सांगतो. ही गोष्ट कळल्यावर शिक्षिकेचे त्याच्याविषयीचे मत आणि त्याला अंक शिकवण्याची तिची रीत दोन्ही बदलतात. आजीच्या दृष्टीनेही काहीतरी बदललेले असते. शाळेने बोलावून घेऊन आपल्याला काही विचारले आणि सांगितलेले लिहून घेतले, असे तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घडलेले असते.

कायद्याने पालकाला दिलेले स्थान यापेक्षा बरेच मोठे आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम २१ नुसार शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरले. महाराष्ट्रात समितीचा अध्यक्ष पालकांतून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतो. त्याआधीच्या ग्रामशिक्षण समितीत गावचे पुढारी असत, त्यांच्या जागी मुलांचे आईबाप आले, हा बदल लहान नव्हे. परंतु त्यानंतर शिक्षक-पालक संघ, माता-पालक संघ आणि इतर निरनिराळ्या समित्या यांची अशी गर्दी झाली की वीस-पंचवीस पटाच्या वाडीवस्तीच्या शाळेत त्याच चार बायका आणि त्याच तीन पुरुषांची नावे सगळ्या वह्यांत फिरत राहिली. एकाच दुपारी तीन सभांची इतिवृत्ते, ज्यांना शिक्षक सर्रास ‘प्रोसिडिंग’ म्हणतात, लिहून पूर्ण करण्याचे कसबही त्यातून तयार झाले आहे. त्या कसबाचा दोष शिक्षकांच्या माथी मारणे न्याय्य नाही. सहभाग कागदावर मोजला जाणार असेल तर तो आधी कागदावरच होणार.

या दोन जिल्ह्यांत शाळेने समाजाकडे काही मागण्याचा इतिहास मात्र कायद्याच्या फार आधीचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली, आणि तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली. या मुलांच्या पोटाची सोय करताना भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट सातारकरांना सांगावी लागत नाही. परंतु त्या काळच्या कामातील दुसरी एक पद्धत येथे अधिक महत्त्वाची ठरते, ती म्हणजे घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करण्याची. मूठभर धान्य देण्यासाठी घरात पैसा असावा लागत नाही, लिहितावाचता यावे लागत नाही, सभेला जावे लागत नाही. आणि तरीही ते देणाऱ्या बाईचा शाळेवर हक्क तयार होतो. पुढे ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तेथे संस्थेने व्हॉलंटरी शाळा, म्हणजे सरकारची वाट न पाहता स्वयंस्फूर्तीने चालवलेल्या प्राथमिक शाळा, काढल्या. त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली, आणि त्यांपैकी कितीतरी शाळा देवळात, धर्मशाळेत किंवा चावडीत भरत. देवळात शाळा भरत असेल तर पालक येता-जाता ती पाहतोच. त्याला बोलावण्यासाठी निमंत्रणपत्रिका लागत नाही. आजच्या शाळेला आवारभिंत आहे, लोखंडी फाटक आहे, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते असायलाच हवे. पण त्या फाटकामुळे जे दिसेनासे झाले ते पालकाला अन्य मार्गाने दाखवण्याची जबाबदारी शाळेवर येते, हे फारसे कुणी लक्षात घेतलेले दिसत नाही.

दाखवण्याची ही गरज किती निकडीची असते, ते शिकवण्याची रीत बदलते तेव्हा कळते. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेने १९८६ साली सुरू केलेले कमला निंबकर बालभवन हे या बाबतीत सातारा जिल्ह्यातील महत्त्वाचे उदाहरण आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि फलटणला स्थायिक होऊन मराठीच्या झालेल्या भाषाभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी उभी केलेली ही शाळा मराठी माध्यमाची, सर्व थरांतील मुलांना एकत्र शिकवणारी आणि शिक्षेला थारा न देणारी. वाचन शिकवताना वर्णमालेच्या क्रमाने न जाता ज्या अक्षरांपासून लवकर अर्थपूर्ण शब्द तयार होतात ती अक्षरे आधी घ्यावीत, हे तत्त्व तेथे जाणीवपूर्वक वापरले गेले. त्यानंतर गेल्या दशकाच्या पूर्वार्धात सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये, बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांसह ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. मूल स्वतःच्या अनुभवातून स्वतःचे ज्ञान रचते, शिक्षकाने फक्त तशी संधी उभी करायची, असे मानणारी ही पद्धत. त्यामुळे बाके गेली, फरशीवर अंक आणि अक्षरांची जाळी रंगवली गेली, मुले गटागटाने जमिनीवर बसून खडे, काड्या आणि शब्दपट्ट्या मांडू लागली. राज्यभरातून हजारो शिक्षक या शाळा कशा चालतात ते पाहायला आले आणि २०१५ साली सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमामागे या कामाची प्रेरणा होती.

बाहेरून पाहायला आलेल्यांना जे अपूर्व वाटते ते गावातल्या पालकाला सुरुवातीस काळजीचे वाटते. ज्याने स्वतः पाटीवर गिरवले, पाढे घोकले आणि चुकल्यावर मार खाल्ला, त्याच्या दृष्टीने मूल खडे मांडत बसले आहे याचा अर्थ मास्तर शिकवत नाहीत असा होतो. जून महिन्यात या काळजीला उत्तर मिळाले नाही तर ती जुलैत इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसून निघून जाते. २०१९ च्या जूनमध्ये हेच राज्याच्या पातळीवर घडले. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस, त्रेसष्ट या नावांबरोबर ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असे वाचन सुचवले होते. जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने अडखळणाऱ्या लहान मुलांना संख्येची रचना कळावी, हा त्यामागचा हेतू होता, आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी तो जाहीरपणे समजावूनही सांगितला. पण तोवर वर्तमानपत्रांत, विधिमंडळात आणि मोबाइलवरच्या विनोदांत त्याचा पुरता धुरळा उडाला होता. बदलाच्या बऱ्या-वाईटाविषयी मतभेद असू शकतात. येथे मुद्दा इतकाच की पुस्तक मुलाच्या दप्तरात पोचले त्या आठवड्यात पालकाला ते शिक्षकाकडून समजायला हवे होते, आणि ते त्याला दूरचित्रवाणीवरून समजले. ज्या शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात पालकांना वर्गात बसवून दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या त्यांच्याच हातात दिल्या, त्यांच्याकडे हा वाद फारसा पोचला नाही.

पालकाला वर्गात बसवून वस्तू हातात देण्याची ही कल्पना सरकारी कार्यक्रमात अधिक पद्धतशीर रीतीने आली ती २०२२ साली. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी पहिलीत येणाऱ्या मुलांची अंगणवाडीच दोन वर्षे बुडालेली होती, आणि म्हणून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘प्रथम’ या संस्थेच्या सहकार्याने ‘पहिले पाऊल’ नावाचे शाळा पूर्वतयारी अभियान सुरू केले. त्याची रचना अशी की शाळा सुटण्याआधी, एप्रिलमध्ये, पहिला मेळावा भरतो आणि शाळा उघडताना जूनमध्ये दुसरा. दाखलपात्र मुले, म्हणजे जूनला पहिलीत जाण्याच्या वयाची मुले, आईबरोबर येतात आणि एकामागून एक टेबलांवर जातात: नोंदणी झाल्यावर शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा आणि गणनपूर्व तयारी, आणि शेवटी पालकांसाठी मार्गदर्शन. दोरीउडी, चेंडू झेलणे, चित्र पाहून बोलणे, कमी-जास्त ओळखणे अशा साध्या कृती मूल करते आणि विकासपत्र नावाच्या कागदावर त्याची नोंद होते: स्वतःहून केले, मदतीने केले, की अजून सराव हवा. पहिल्या आणि दुसऱ्या मेळाव्याच्या मधल्या काळात वस्तीवरच्या पाच-सहा आयांचा एक गट करून, त्यांतील एकीला पुढारपण देऊन, घरी करून घेण्याच्या छोट्या कृती त्यांना सुचवल्या जातात.

या अभियानात डामडौल पुष्कळ आहे. कमानी, फुगे, प्रभातफेरी, औक्षण, पाहुण्यांची भाषणे आणि संध्याकाळी वरिष्ठांना पाठवायची छायाचित्रे यांत काही ठिकाणी मूळ काम हरवते. विकासपत्रांवर एकसारख्या खुणा करून ती गठ्ठ्याने कपाटात ठेवली जातात, असेही घडते. तरीही अनुभवी शिक्षक या मेळाव्याला मोडीत काढत नाहीत, आणि त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. आई आपल्या मुलाशेजारी उभी राहून त्याला एका पायावर तोल सावरताना पाहते, तेव्हा ती ऐकणारी नसते, पाहणारी असते. आणि पुढच्या टेबलावर मिसळलेल्या मटकी, चवळी आणि हरभऱ्याच्या ढिगातून मुलाला धान्ये वेगळी करायला सांगितली जातात, तेव्हा तिच्या लक्षात येते की हे तर रोजच घरात चालते. अशा आयांपैकी कित्येकींना शाळेचे नाव काढले की स्वतःच्या अर्धवट सुटलेल्या चौथीची आठवण येते, आणि ‘आमाला काय कळतंय त्यातलं, बाई, तुमीच बगा’ हे त्यांचे ठरलेले उत्तर असते. ते उत्तर आळसाचे मानणे म्हणजे त्या बाईला न ओळखणे होय. कपड्यांच्या घड्या घालताना लहान-मोठे करणे, भाकरीच्या पिठासाठी किती ओंजळी घ्यायच्या ते मुलाला सांगायला लावणे, दुधाच्या डेअरीच्या चिठ्ठीवरचा आकडा वाचून घेणे ही कामे पहिलीच्या गणिताचीच आहेत असे कळल्यावर ‘तुमीच बगा’ मधला संकोच ओसरायला लागतो.

लिहितावाचता न येणाऱ्या बाईला गणित येत नाही हा समज किती पोकळ आहे, याचा दाखला माण तालुक्यातच मिळतो. म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली; त्याआधी प्रवर्तक महिला निरक्षर आहेत या कारणाने रिझर्व्ह बँकेने परवान्याचा पहिला अर्ज नाकारला होता. त्यानंतर या बायका अक्षरे शिकल्या आणि दुसऱ्या खेपेस अधिकाऱ्यांसमोर जाऊन त्यांनी सांगितले की आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येते. मुद्दल द्या, व्याज तोंडी काढून दाखवतो. ज्या तालुक्यात हे घडले त्याच तालुक्यातील शाळेने आईला ‘घरी अभ्यास घ्या’ एवढेच सांगून परत पाठवावे, हे विसंगत आहे. आईला अभ्यास घेता येणार नाही, पण मुलाने वाचलेले ऐकता येईल. ऐकताना ते अडखळले की सलग गेले एवढे सांगता येईल. बाजाराचा हिशेब त्याच्याकडून करून घेता येईल. काही गावांत चावडीवाचन होते, म्हणजे मुले चावडीवर किंवा देवळाच्या पारावर गावासमोर वाचून दाखवतात, आणि तेथे निरक्षर पालकही अचूक परीक्षक ठरतो, कारण पोराने न थांबता वाचले की नाही हे त्याला कळतेच. मात्र कच्च्या मुलाला त्या पारावर उभे करून त्याची शोभा करण्याचा धोकाही त्यात आहे, आणि तो ओळखून आधी तयारी करून घेणारे शिक्षक थोडे आहेत.

कागदाच्या मागणीविषयी थोडक्यात सांगता येईल. जूनचे पहिले दिवस जन्मदाखला, आधार कार्ड, बँकेचे खाते, त्यांवरच्या नावांतील वेलांटी-उकारांचा मेळ आणि संगणकावरील नोंदी यांत जातात. ही कामे टाळता येत नाहीत, कारण ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर शाळेची शिक्षकांची पदे ठरतात आणि पट टिकवण्यासाठी शिक्षक उन्हाळ्यातही दारोदार फिरलेले असतात. पण त्याचा परिणाम असा होतो की एप्रिल-मेमध्ये जो शिक्षक विनवणी करत दारात आला तोच जूनमध्ये कागदासाठी तगादा लावताना दिसतो, आणि ऑगस्टमध्ये मूल मागे पडते आहे ही तक्रार घेऊन येतो. मूल काय चांगले करते हे सांगण्यासाठी तो आलेला नसतो. कराड-वाळव्याकडील काही अनुभवी शिक्षक यावर साधा उपाय करतात: कागदपत्रांसाठी अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायतीचा संगणक चालवणारा मुलगा यांना एकाच दिवशी शाळेत बसवतात, आणि स्वतः त्या दिवशी कागदाला हात न लावता आलेल्या प्रत्येक पालकाशी फक्त मुलाविषयी बोलतात.

पैशाची मागणी अधिक नाजूक आहे. ‘शैक्षणिक उठाव’ हा या भागातील शाळांचा रूढ शब्द. गावाकडून रोख रकमेच्या किंवा वस्तूंच्या रूपाने शाळेसाठी मिळवलेली मदत असा त्याचा अर्थ. गलाईवाल्यांच्या गावांत, साखर कारखान्यांच्या परिसरात आणि मुंबईकर मंडळींच्या वाड्यांत हा उठाव लाखांत जातो. संगणक, रंगरंगोटी, पाण्याचे यंत्र, कमान अशा गोष्टी त्यातून उभ्या राहतात आणि दात्याचे नाव भिंतीवर लागते. त्यात वावगे काही नाही. परंतु दूरच्या शहरातला बाप शाळेच्या संपर्कात फक्त देणगीदार म्हणून येत असेल, तर त्याला मुलाच्या वाचनाविषयी बोलायला शाळेने कधी बोलावलेच नाही असा त्याचा अर्थ होतो. मोबाइलने येथे काही सोय केली आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सूचनांचा आणि सुप्रभातच्या चित्रांचा पाऊस पडतो, तो सोडून द्यावा. पण शिक्षिकेने मुलाचे अर्ध्या मिनिटाचे वाचन वडिलांना वेगळे पाठवले, तर तिकडून रात्री फोन येतो, आणि तो फोन मुलाला येतो, हे अधिक महत्त्वाचे.

वेळेच्या बाबतीत शाळांनी शोधलेले उपाय लहान आहेत आणि म्हणूनच टिकाऊ आहेत. या दोन्ही जिल्ह्यांत दुधाची डेअरी ही गावातील अशी जागा आहे जेथे सकाळ-संध्याकाळ जवळजवळ प्रत्येक घरातले कुणीतरी किटली घेऊन येते. सभेची सूचना मुलाच्या वहीतून पाठवण्यापेक्षा डेअरीच्या फळ्यावर लिहिली तर ती पोचते, आणि संध्याकाळचे दूध घालून झाल्यावर सभा ठेवली तर पुरुषही येतात. बाजाराच्या दिवशी दुपारी भांगलणीला, म्हणजे पिकातले तण काढायला, बायका जात नाहीत, म्हणून तो दिवस माता-पालकांसाठी धरावा. बेंदराच्या, म्हणजे आषाढातील बैलांच्या सणाच्या आसपास सभा ठेवू नये, हे गावात राहणाऱ्या शिक्षकाला सांगावे लागत नाही. पण शहरातून रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकाला ते कुणी सांगितलेले नसते, आणि त्याची सभा नेमकी त्याच दिवशी लागते. डोंगरी भागात तर लावणी उरकेपर्यंत सभेचा नादच सोडून शिक्षकाने बांधावर जाऊन उभे राहावे, हे अधिक फलदायी ठरते. चिखलात उभ्या बाईला सही मागता येत नाही, त्यामुळे संभाषण आपोआप मुलावर येते.

अशा रीतीने जून-जुलैत जे काही जुळते त्याची कसोटी फार लांब नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या कृष्णाकाठी येऊ लागतात; त्याच वेळी जत-आटपाडीच्या कोरडवाहू भागांतील काही कुटुंबे तोडणीला किंवा वीटभट्टीवर बाहेर पडतात आणि माणदेशातले कळप वाटेला लागतात. स्थलांतर करणाऱ्या मुलाला मिळणारे शिक्षण हमी पत्रक, म्हणजे मूल कोणत्या इयत्तेत आहे आणि त्याला काय काय येते ते सांगणारा व नव्या गावच्या शाळेत दाखवायचा कागद, निघण्याआधी भरून द्यावा लागतो, आणि मूल गावातच ठेवायचे असेल तर शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणाऱ्या हंगामी वसतिगृहासाठी नावे आधी कळवावी लागतात. दोन्हींसाठी कुटुंब कधी निघणार हे शाळेला आठ-दहा दिवस अगोदर समजणे आवश्यक असते, आणि ही माहिती कोणतेही सर्वेक्षण वेळेवर देत नाही. मुकादमाची उचल, म्हणजे तोडणीच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतल्याची गोष्ट कुणी परक्याला सांगत नाही. जेथे जूनमध्ये शिक्षिकेने आजीला मुलाविषयी विचारलेले असते, तेथे ऑक्टोबरात आजी स्वतः शाळेत येते, सून आणि मुलगा अमुक दिवशी जाणार असल्याचे सांगते, आणि नातवाला ठेवून घ्यायचे तर दुपारच्या जेवणाखेरीज संध्याकाळचे काय, हा प्रश्न शिक्षिकेपुढे आणि समितीपुढे ठेवते.